विष्णुपंत छत्रे : घोडे शिकवणारा गवई



आपल्या या पानावर थोरामोठ्यांची चरित्रे येतात. या वेळी आम्ही एका सर्कसवाल्याचे चरित्र घेतले आहे, याचे काहींना नवल वाटेल. त्यामागे एक गप्पा आहे. लोधीपुऱ्यात एका घरी काही मंडळी जमली होती आणि बोलणे मुलांच्या सवयींवर आले. नेहमीप्रमाणे दोन तट पडले. छडीशिवाय कोणी शिकत नाही असे एका बाजूचे म्हणणे, तर छडीने फक्त छडीची भीती शिकवली जाते असे दुसऱ्या बाजूचे. मग एका आजोबांनी टांग्याच्या घोड्यांचा विषय काढला. लालबाग स्टेशनावरून सवारी घेऊन निघालेला घोडा ओळखीच्या दाराशी कोणी न सांगता थांबायचा. ताप्ती मिलचा भोंगा झाला की घड्याळ न बघता पोटात भूक उभी राहायची, याचीही आठवण निघाली. मावा जिलेबीचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते, हे तर बुऱ्हाणपूरच्या माणसाला वेगळे सांगायला नकोच.

हे सगळे एकाच जातीचे शिकणे आहे. एखाद्या खुणेमागून काहीतरी महत्त्वाचे येते, असे पुन्हा पुन्हा घडले की शरीर त्या खुणेलाच उत्तर देऊ लागते. या विद्येवर पोट भरणारा आणि पुढे देशभर नाव झालेला मराठी माणूस शोधू लागलो, तेव्हा विष्णुपंत मोरेश्वर छत्रे समोर आले. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. ते ग्वाल्हेर गायकीचे शागीर्द होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते.

विष्णुपंत मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे, म्हणजे कृष्णाकाठचे. जनावरांचा नाद आणि गाण्याचा नाद, दोन्ही लहानपणापासूनचे. दोन्ही नादांना त्या काळी एकच मोठे ठिकाण होते, ते म्हणजे शिंद्यांचे ग्वाल्हेर. जयाजीराव शिंद्यांच्या पदरी नावाजलेले घोडे होते आणि त्या शहरात हद्दूखाँसाहेबांचे गाणे होते. दक्षिणेकडची मराठी मुले विद्येसाठी पायी ग्वाल्हेर गाठत तो हा काळ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ग्वाल्हेर-इंदूरची सोयरीक आहे, त्यामुळे या वाटेची कल्पना आपल्याला महाराष्ट्रातल्या वाचकांपेक्षा चांगली यावी.

ग्वाल्हेरात विष्णुपंतांनी दोन गुरू केले. घोड्याची विद्या बाबासाहेब आपट्यांकडून घेतली आणि गाणे हद्दूखाँसाहेबांकडून. एक पागेतले शिक्षण, एक तंबोऱ्याजवळचे. या दोन शिक्षणांत वरवर काही साम्य नाही, पण दोन्हींमध्ये रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तीच गोष्ट शेकडो वेळा करावी लागते. पुढे त्यांच्या आयुष्यात या दोन्ही विद्या एकत्र आल्या. त्याकडे आपण शेवटी येऊ.

पागेतले शिकणे कसे चालते, हे आधी पाहू. घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर. अनोळखी आवाज, फडफडणारे कापड, अचानक उठलेला हात यांपासून दूर जाणे हा त्याचा जन्मजात स्वभाव. त्याच्यावर माणूस बसवायचा, त्याला तोफा-नगाऱ्यांत उभे करायचे, म्हणजे हा स्वभाव पुसायचा नसतो, त्याला नव्या खुणा जोडून द्यायच्या असतात. घोडा दाणा खात असताना लांबून नगारा वाजवायचा. तोबरा तोंडाला असेपर्यंत नगारा. रोज थोडा जवळून. काही दिवसांनी नगारा वाजला की घोडा कान टवकारून दाण्याची वाट पाहतो. लष्करी पागांमध्ये जगभर ही रीत होती. आपल्याकडे अश्वविद्येच्या परंपरेत शालिहोत्राचे नाव घेतात. ग्रीसमध्ये झेनोफनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्यातला त्याचा सल्ला असा की शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणाशी जोडला जावा, आणि अन्न, पाणी व त्रासातून सुटका माणसाशी. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

आपल्या भाषेत घोडा तयार करणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. नावातच चाबूक आहे. पण चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक घोड्याच्या अंगाला फार क्वचित लागतो. दोरीवर घोडा गोल फिरवताना, ज्याला जुने लोक कावा म्हणत, चाबूक म्हणजे लांब केलेला हात असतो. तो मागे दिसला की पुढे जायचे, पुढे आला की थांबायचे. आधी चाबकाच्या खुणेमागून अंगाला दोरीचा ओढा किंवा हलका स्पर्श येतो. मग खूणच पुरते. वार करून शिकवलेला घोडाही चालतो, नाही असे नाही. पण त्याला चाबकाबरोबर माणूस, माणसाचा आवाज, रिंगण आणि ती संध्याकाळची वेळही भीतीची वाटू लागते. शिकवणाऱ्याने काय जोडायचे ठरवले होते याच्याशी जनावराला देणेघेणे नसते. त्या क्षणी जे जे समोर असते ते ते जोडले जाते. आमच्या बैठकीतल्या छडीच्या वादाला इथेच उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाड संस्थानात पटवर्धनांच्या पागेचे प्रमुख झाले. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे छोटे संस्थान. तिथे त्यांनी घोडे तयार केले आणि घोड्यावरच्या कसरतींचे खेळ करू लागले.

याच सुमारास मुंबईत जुझेप्पे चिअरिनी या इटालियन माणसाची सर्कस आली. चिअरिनी जग फिरलेला, घोड्यांत मुरलेला माणूस. त्याचा खेळ पाहायला कुरुंदवाडकर आणि विष्णुपंत गेले होते. हिंदुस्थानात सर्कस नावाची गोष्ट अजून नाही आणि इतक्यात होणारही नाही, अशा अर्थाचे काही चिअरिनी बोलला आणि ते विष्णुपंतांना लागले, असे सर्कशीच्या इतिहासात सांगतात. गोष्टीतल्या पैजेची रक्कम आणि मुदत सांगणाऱ्यागणिक बदलते, ती आम्ही सोडून देतो. पक्की गोष्ट अशी की काही महिन्यांतच, २० मार्च १८८० रोजी, निवडक प्रेक्षकांसमोर विष्णुपंतांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. मालक मराठी, शिकवणारा मराठी, घोडे इथल्याच पागेत तयार झालेले.

सर्कशीचे रिंगण पाहिले असेल तर ते साधारण ४२ फूट, म्हणजे १३ मीटर व्यासाचे असते. हे माप अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्लीपासून रूढ झाले. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत धावत राहिला की पाठीवर उभ्या माणसाला आत झुकून तोल सांभाळता येतो. सगळे गणित घोड्याच्या लयीवर. घोडा दचकून एक पाऊल चुकला की वरचा माणूस खाली. म्हणून रिंगणातल्या घोड्याला सर्वांत आधी शिकवायचे ते न दचकणे. बँड वाजतो, लोक टाळ्या पिटतात, मुले ओरडतात, मशाली जळतात. या प्रत्येक गोष्टीशी घोड्याची ओळख दाणा, थोपटणे आणि विसावा यांच्या सोबतीने करून द्यावी लागते.

प्रेक्षकांना वाटते की घोडा बँडच्या तालावर नाचतो. जाणकार सांगतात ते उलटे आहे. बँडवाला घोड्याच्या पायांकडे बघत असतो आणि ताल त्याच्या चालीला लावून घेतो. घोडा बघत असतो मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकाकडे. विष्णुपंतांसारख्या लयीत मुरलेल्या माणसाला हा सगळा कारभार बघताना काय मौज वाटत असेल, याची कल्पना करायला आम्हाला आवडते.

घोड्याची नजर किती बारीक असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण विष्णुपंतांच्याच काळाच्या शेवटी जर्मनीत घडले. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करी आणि उत्तर खुराच्या ठोक्यांनी देई. १९०४ साली त्याचा गाजावाजा झाला. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने तपास केला तेव्हा दिसले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. ठोके बरोबर आकड्यापर्यंत आले की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि घोडा थांबे. मालक लबाड नव्हता. आपण खूण देतो आहोत हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. घरातली मुले आपल्या तोंडाकडे बघून काय काय ओळखतात, हे ज्या आईबापांनी पाहिले आहे त्यांना हान्सचे आश्चर्य वाटणार नाही.

विष्णुपंत जे हाताने करत होते त्याचा हिशोब त्याच वर्षांत रशियात मांडला जात होता. इवान पावलोव्ह हा सेंट पीटर्सबर्गचा शरीरशास्त्रज्ञ पचनाचा अभ्यास करत होता. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला पचनाच्या कामासाठीच मिळाले. कुत्र्यांच्या लाळेची वाहिनी त्याने छोट्या शस्त्रक्रियेने बाहेर आणली होती, म्हणजे लाळेचे थेंब मोजता यावेत. गंमत अशी झाली की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न दिसताच किंवा ते आणणाऱ्याची चाहूल लागताच, थेंब पडू लागले. दुसऱ्या कोणी हा प्रयोगातला व्यत्यय म्हणून झटकून टाकला असता. पावलोव्हने उरलेले आयुष्य त्यालाच दिले. शाळेत आपल्याला घंटी आणि कुत्रा सांगतात. त्याच्या प्रयोगशाळेत घंटीपेक्षा ठोके देणारा मेट्रोनोम, दिवे, निरनिराळे आवाज आणि कातडीवरचे स्पर्श यांचा वापर जास्त होता.

त्याने काढलेले नियम चाबुकस्वाराला ओळखीचे वाटले असते. खूण आधी आली पाहिजे आणि दाणा लगेच मागून. दाणा आधी आणि खूण नंतर, असे केले तर जवळजवळ काहीच जोडले जात नाही. खूण देत राहिले आणि दाणा कधीच आला नाही, तर उत्तर हळूहळू विरते. पण ते पुसले जात नाही. काही काळ मध्ये गेला की ते पुन्हा डोके वर काढते. म्हणून सुटलेली सवय, गेलेली भीती अचानक परत येते. १९२४ साली लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलोव्हच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी चढले आणि कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावे लागले. सगळी वाचली, पण काहींचे महिनोन् महिने शिकलेले विस्कटले. एकाचे शिकणे पूर्ववत झाल्यावर दाराखालून थोडेसे पाणी आत सोडले, तेवढ्याने ते पुन्हा कोलमडले.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण बोलताना आपण दोन गोष्टी एक करतो. सलाम केल्यावर घोड्याला गूळ मिळतो आणि तो पुन्हा सलाम करतो. हे आपल्या कृतीच्या फळावरून शिकणे झाले. पावलोव्हच्या कुत्र्याने मात्र काहीच केलेले नसते. त्याच्या हातात काही नसतानाही जगातल्या दोन गोष्टी एकामागून एक येतात आणि शरीर त्यांची गाठ मारून ठेवते. भीती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने शिकली जाते. रिंगणात दोन्ही वाटा एकत्र चालतात. पण मुळात रिंगणच भीतीचे झाले, तर गुळाचा फार उपयोग होत नाही.

या विद्येची काळी बाजूही आहे आणि सर्कसवाल्याच्या चरित्रात ती झाकून चालणार नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी गल्लीत अस्वल घेऊन येणारा दरवेशी पाहिला आहे. अस्वलाला तापलेल्या पत्र्यावर उभे करून वाद्य वाजवायचे, आणि मग नुसत्या वाद्यानेही ते पाय उचलू लागते, अशी वर्णने निरनिराळ्या देशांतून मिळतात. आपण त्याला नाच म्हणून टाळ्या दिल्या. विष्णुपंतांमागून आलेल्या सर्कशींत वाघ-सिंहांचे खेळ वाढत गेले. पुण्याच्या दामू धोत्र्यांसारखे, जनावराचा स्वभाव ओळखून काम करणारे आणि अमेरिकेपर्यंत नाव कमावलेले शिक्षक त्यात होते, तसे जनावर मोडून काढणारेही असणारच. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती योग्यच झाली, असे आमचे मत आहे. सर्कशीच्या तंबूत रमलेले काही सभासद याच्याशी सहमत नसतील.

आता ग्वाल्हेरच्या दुसऱ्या धाग्याकडे येऊ. आमच्या मते विष्णुपंतांच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

हद्दूखाँसाहेब १८७५ साली वारले. त्यांचा मुलगा रहिमतखाँ विलक्षण गळ्याचा होता. पण वडील गेले, भाऊ महंमदखाँही गेला, आणि रहिमतखाँची घडी विस्कटली. अफूचे व्यसन जडले, मनाचा तोल गेला, भटकणे सुरू झाले. विष्णुपंतांची सर्कस काशीला गेली असताना हा गुरुपुत्र त्यांना तिथे भिकाऱ्याच्या अवस्थेत सापडला. विष्णुपंतांनी त्याला ओळखले आणि आपल्याबरोबर घेतले. १८७० साली मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत सलग लोहमार्ग झाला होता, तो आपल्याच बुऱ्हाणपूरवरून जातो. दक्षिणेतून काशीकडे जाणाऱ्यांची ती सरळ वाट होती.

खाँसाहेबांना काय झाले होते, हे आजच्या वैद्यकाच्या भाषेत सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण अफूविषयी एवढे सांगता येते. पावलोव्हने नोंदलेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना पुन्हा पुन्हा मॉर्फीन टोचले, तेव्हा काही दिवसांनी टोचण्याची नुसती तयारी दिसताच त्यांना लाळ सुटून उलटी होऊ लागली. मॉर्फीन अफूतूनच निघते. म्हणजे नशा फक्त औषधात नसते. ती जागा, ती वेळ, ती डबी, ती माणसे, सगळ्यांत मुरलेली असते. म्हणून व्यसनी माणूस त्याच गल्लीत राहिला तर त्याचा निग्रह टिकणे कठीण. माळव्याच्या अफूच्या मुलखाशेजारी राहणाऱ्या आपल्याला अशी घरे ठाऊक आहेत.

विष्णुपंतांनी रहिमतखाँला काशीच्या त्या घाटांवरून उचलले आणि सर्कशीच्या बिऱ्हाडात आणले. तिथे रोजची वेळ ठरलेली, जेवण ठरलेले, आणि शेजारी तंबोरा. व्यसन पूर्णपणे सुटले असे नाही. लहरीपणाही शेवटपर्यंत राहिला. खाँसाहेब आपणहून मैफलीत गायला बसतील याची खात्री कधीच नसे. तेव्हा विष्णुपंत स्वतः त्यांच्याजवळ बसत, तंबोरे जुळवत आणि गाऊ लागत, अशी आठवण जुन्या गवयांच्या पिढ्यांतून चालत आली आहे. हद्दूखाँच्या घरातला तो सूर कानावर पडला की थोड्या वेळाने खाँसाहेबांचा आवाज त्यात मिसळे, आणि मग विष्णुपंत गप्प होत.

याला आम्ही प्रयोगशाळेचे नाव देणार नाही. त्यात शिकवलेल्या प्रतिक्रियेपेक्षा पुष्कळ जास्त काही आहे. पण ज्याचे बालपण तंबोऱ्याच्या आवाजात आणि बापाच्या तालमीत गेले, त्याच्या शरीरात तो आवाज काय काय जागे करत असेल! आणि ते ओळखण्यासाठी विष्णुपंतांसारखाच माणूस हवा होता. सबंध दिवस मुक्या जनावरांना कशाची भीती वाटते आणि कशाने धीर येतो हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, आणि जो त्याच गुरूच्या पायाशी शिकला होता.

सर्कशीबरोबर रहिमतखाँचे गाणेही गावोगावी पोहोचले. ग्वाल्हेर न पाहिलेल्या दक्षिणेतल्या लोकांनी ग्वाल्हेरचा तो गळा ऐकला. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांवर त्याचा खोल परिणाम झाला, हे संगीताच्या इतिहासात नोंदलेले आहे.

सर्कशीचे पुढचे थोडक्यात सांगतो. ती देशभर फिरली. केरळात तेल्लीचेरीला गेली असता तिथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी विष्णुपंतांची गाठ पडली. कुन्हीकण्णन यांनी सर्कशीसाठी मुले तयार करायला घेतली आणि त्यातून केरळच्या सर्कशीची सगळी परंपरा उभी राहिली. इकडे सांगलीच्या मुलखात म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी निघाल्या. पुढे विष्णुपंतांच्या सर्कशीचा कारभार छत्र्यांच्याच घरातल्या काशिनाथपंतांकडे गेला.

विष्णुपंत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वारले. रहिमतखाँसाहेब त्यांच्यामागे उरले. आश्रय देणाराच गेल्यावर या माणसाचे पुन्हा काशीसारखे हाल होणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. काशिनाथपंतांनी त्यांना सांभाळले. खाँसाहेब कुरुंदवाडला राहिले आणि १९२२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांच्या गाण्याच्या काही तबकड्या निघाल्या. आवाज थकलेला आहे आणि ध्वनिमुद्रण जुनाट आहे, पण सूर लागतो तेव्हा कळते. ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी मुलांनाही जवळ बसवून ऐकाव्यात.